तेतेंच्या खिडकीची काच

"गेली! पुन्हा काच गेली!"

छोमो गच्चीवरून अशी काही किंचाळली की खालच्या गोठ्यातल्या गाईनंही मान वर केली. सुरमणी आणि पलदेन चहाचे पेले तिथेच ठेवून जिन्यानं धडाधड खाली आली. तेतेंच्या खोलीत गार वारा घोंघावत होता. खिडकीच्या चौकटीत काच नव्हती. नुसतं आभाळ होतं!

आमच्याकडे आईला आमा म्हणतात आणि आजोबांना तेते. ते अंगावर घोंगडी ओढून लोकर कातत बसले होते, पण हातातली चाती थांबली होती.

"सुरमणीऽऽ!" मागून सुखनंद चाचांचा आवाज गरजला. "पुन्हा चेंडू?"

"नाही चाचा! मी आज चेंडूला हातसुद्धा लावलेला नाही!"

"मग काय काच स्वतः उठून फिरायला गेली?"

आता हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. जानेवारीत आमच्या किन्नौरात बर्फ पडला की शाळांना लांबलचक सुट्टी लागते. त्याच सुमाराला साजोचा सण येतो आणि गावचा देवही स्वर्गात जातो. म्हणजे देवालाही सुट्टी आणि पोरांनाही! रस्ता बंद, दुकानात माल नाही, आणि पोरं घरात कोंडलेली. मग कुठे ना कुठे काहीतरी फुटणारच. सुट्टीच्या सुरुवातीलाच सुरमणीनं चिंध्यांचा चेंडू असा टोलवला की तो थेट तेतेंच्या खिडकीत! काचेचा चुरा झाला. बाकीची पोरं पळाली, पण सुरमणी पळाली नाही. ती वर गेली, तेतेंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी फोडली."

तेते तिच्याकडे बघत राहिले होते. मग म्हणाले होते, "बरं. काचेचं बघू आपण. तू सांगितलंस, हे मोठं झालं."

ते वाक्य सुरमणीनं जपून ठेवलं होतं. थंडीत खिशात अक्रोड जपावेत तसं.

पण काच आणायची कुठून? रामपूरचा रस्ता तर दरड आणि बर्फानं बंद. तेव्हा पलदेनचे बाबा, म्हणजे आपले सुखनंद चाचा, छाती फुगवून पुढे आले. त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या फोटोची काच काढली. चाची माहेरी गेली होती म्हणून हे जमलं, नाहीतर काय बिशाद! काच बरोब्बर बसली. कडेनं लांबी भरली, म्हणजे खडूची भुकटी तेलात मळून केलेला तो चिकट गोळा, आणि चाचा म्हणाले, "माझ्या हातचं काम आहे! भूकंप झाला तरी हलणार नाही."

भूकंप झाला नाही. पण काच मात्र गायब झाली.

"तेते, खरंच मी नाही," सुरमणी म्हणाली.

तेतेंनी चाती खाली ठेवली. ते रागावले नाहीत, आणि तेच वाईट होतं. ते एवढंच म्हणाले, "पोरी, एकदा सांगायला धीर लागतो. दुसऱ्यांदा जास्त लागतो. मी वाट बघेन."

सुरमणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाट बघणार? कशाची? जे केलंच नाही, ते कबूल करण्याची?

चाचांनी चौकटीवर फळी ठोकली. खोलीत अंधार झाला. त्या खिडकीतून तेतेंना समोरचा बर्फाचा डोंगर दिसायचा, सकाळचं ऊन पहिल्यांदा त्याच्या शेंड्यावर उतरताना बघायचं आणि मगच चहा घ्यायचा, अशी त्यांची वर्षानुवर्षांची सवय होती. आता ते फळीकडे तोंड करून बसले. चहा तसाच निवून गेला.

"देव घरी असता तर त्यालाच विचारलं असतं," गोठ्यामागे बसून छोमो म्हणाली. छोमो म्हणजे सुरमणीची धाकटी बहीण, वय आठ, जीभ ऐंशी वर्षांची. "देव लगेच सांगतो, कोण चोर ते!"

"देव सुट्टीवर आहे," पलदेन म्हणाला. "त्याच्या जागी आपणच बसायचं!"

"तू? देव?" छोमो फिदीफिदी हसली. "तुला काल स्वतःचा मोजा सापडला नाही!"

"अगं, गप्प बसा दोघं!" सुरमणी एकदम उठली. "मला सांगा, काच कुठंय?"

"फुटली ना."

"फुटली, तर तुकडे कुठंयत? पहिल्या वेळी तुकडे खोलीभर झाले होते. आमा दोन दिवस झाडत होती. आज खोलीत एक तरी तुकडा होता?"

तिघंही एकमेकांकडे बघायला लागली. मग एकदम उठून खिडकीखाली धावली. तिथे गच्चीवरून ढकललेल्या बर्फाचा ढीग होता, पलदेनच्या छातीएवढा. ती हातांनी बर्फ उकरायला लागली. बोटं लाल झाली, नाकं वाहायला लागली.

"मिळाली!" पलदेन ओरडला.

काच अखंड होती! एक चरासुद्धा नाही! मऊ बर्फात ती अलगद जाऊन बसली होती.

"बघा!" सुरमणीचा श्वास फुलला. "चेंडू बाहेरून लागला असता तर काच आत पडली असती, आणि तुकडे होऊन! ही बाहेर पडलीय, धडधाकट!"

तिघं काच घेऊन वरात काढल्यासारखी घरात गेली. पण मोठ्या माणसांचं एक असतं, एकदा त्यांनी ठरवलं की ठरवलं!

"म्हणजे चेंडूनं नाही, हातानं काढली!" चाचा म्हणाले. "लांबी पोखरून काढलीत! बघा, कडेला कशी उकरलीय. चोर सापडला की चोरी पण सापडते."

"बाबा, आम्ही कशाला काढू?" पलदेन म्हणाला.

"रिकामटेकडी पोरं काहीही करतात. तुम्ही तर आमाचं जर्दाळूचं तेलही संपवलंत!"

हे म्हणजे भलतंच! आमाची जर्दाळूच्या तेलाची बाटली दोन दिवसांपासून अर्धी झाली होती, हे खरं होतं. देव स्वर्गातून परतला की त्याच तेलात पुरीसारखे पोल्टू तळायचे असतात. त्याचा आळही पोरांवरच!

तेवढ्यात तेते म्हणाले, "सुखनंद, काच पुन्हा बसव." पण त्यांनी सुरमणीकडे बघितलं नाही.

चाचांनी उरलेली लांबी पुन्हा कडेनं थापली. फळी निघाली, डोंगर परत दिसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी लांबीला पुन्हा खड्डे पडलेले! काच चौकटीत लटपटत होती. सुरमणीनं आतून तळहातानं धरून ठेवली म्हणून वाचली.

"पलदेन, बाहेरून बघ! खड्डे कसे आहेत?"

पलदेन शिडी लावून वर चढला. "छोटे छोटे. टोकदार. बोटाचे नाहीत गं! आणि ही लांबी वाळलेलीच नाही. लोण्यासारखी मऊ आहे!" त्यानं चिमूटभर काढून खाली टाकली. "वासही येतोय. गोड गोड."

छोमोनं ती चिमूट उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत जिभेवर ठेवली.

"अगं थुंक! थुंक, वेडे!"

"थूऽ! खडू लागतोय," छोमोनं तोंड वाकडं केलं. मग तिचे डोळे मोठे झाले. "पण ताई, ह्याला जर्दाळूच्या तेलाची चव आहे!"

सुरमणीनं शिडीवर पाहिलं. पलदेन वरच थांबला होता. त्याचं तोंड उतरलं होतं.

तो हळूहळू खाली आला आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसला. "त्या दिवशी मी बाबांना आमाच्या फडताळाजवळ बघितलं होतं," तो म्हणाला. "हातात बाटली होती. मला वाटलं, गुडघ्याला लावत असतील. लांबीला जवसाचं तेल लागतं, तरच ती वाळून घट्ट होते. ते खाली सफरचंदांच्या कोठारात असतं. कंबरभर बर्फातून जायला लागलं असतं."

"म्हणून जे हाताशी आलं ते ओतलं!" छोमो म्हणाली. "आणि आळ आमच्यावर! चल ताई, आत्ताच सगळ्यांना सांगू या!"

सुरमणी निघाली. चार पावलं गेली आणि थांबली. पलदेन अजून पायरीवरच बसला होता, बुटानं बर्फ टोकरत. चाचा चोर म्हणून सगळ्या घरासमोर उभे राहणार, आणि शेजारी पलदेन मान खाली घालून. अंगावर आळ आला की कसं वाटतं, ते तिला आता चांगलंच कळलं होतं.

"नको," ती म्हणाली. "आपण चोर म्हणायचं नाही. आपण फक्त दाखवायचं. सांगायचं ते चाचा स्वतः सांगतील."

"आणि नाही सांगितलं तर?" छोमोनं विचारलं.

"सांगतील," पलदेन उठला. "माझे बाबा आळशी आहेत गं, पण तसे नाहीत. जवसाचं तेल मी आणतो!"

आणि तो गेलासुद्धा! कोठारापर्यंत जाऊन आला तेव्हा कमरेपासून खाली पांढराशुभ्र झाला होता. तेलाचा डबा मात्र छातीशी घट्ट धरलेला.

दुपारी ऊन गच्चीवर आलं. घरातली सगळी मंडळी तिथे बसली. तेते घोंगडीत, आमा राजमा निवडत, चाचा डोळे मिटून. सुरमणीनं एक फळी आणली. फळीवर लांबीचे दोन गोळे ठेवले आणि ती पलीकडच्या कठड्यावर नेऊन ठेवली.

"हा काय खेळ?" आमानं विचारलं.

"बघा तर! एक गोळा जवसाच्या तेलात मळलाय. दुसरा त्या खिडकीचा आहे. फक्त कुणी हलू नका."

थोडा वेळ काहीच झालं नाही. छोमो तीनदा शिंकली आणि तिन्ही वेळा तिला सगळ्यांनी दटावलं. मग अक्रोडाच्या झाडावरून एक लांब शेपटीचा निळा पक्षी उतरला. पिवळी चोच, डोळ्यांत बेरकी भाव. त्यानं जवसाच्या गोळ्यावर एक टोच मारली, चोच झटकली, आणि वळून खिडकीच्या गोळ्यावर असा तुटून पडला की काय सांगावं! टक, टक, टक! पाठोपाठ आणखी दोन आले. तिघांत भांडणं जुंपली!

"अरे देवा," आमाच्या हातातला राजमा ताटात सांडला. "पाखरं! पाखरं खातायत खिडकी!"

"बर्फात त्यांना काही मिळत नाही ना," सुरमणी म्हणाली. "लांबी मऊ राहिली आणि तिला गोड वास आला, की ती रोज सकाळी येऊन खाणारच. खाऊन खाऊन कड मोकळी झाली, काच बाहेर पडली."

आमा उठली. पाखरं उडाली. तिनं उरलेला गोळा उचलून नाकाशी धरला. "हा वास... हे तर माझं—"

सुरमणीनं मुद्दाम चाचांकडे बघितलं नाही. पलदेन जमिनीकडे बघत होता.

चाचांनी डोळे उघडले होते. कान पार लाल. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. एकदा खोकले.

"वहिनी," ते म्हणाले, "तेल मी घेतलं. मला वाटलं, तेल ते तेल. कोठारापर्यंत जायचा कंटाळा आला. आणि मग सांगायची लाज वाटली."

"आणि पोरांना बोललास?" आमाचा आवाज चढला.

"बोललो. तिथेच चुकलो." चाचा सुरमणीकडे वळले. "तुला ठाऊक होतं ना? मग सरळ माझं नाव का नाही घेतलंस?"

सुरमणी गोंधळली. "पलदेन म्हणाला, तुम्ही स्वतःच सांगाल."

चाचांनी लेकाकडे पाहिलं. मग पलदेनच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

"सुरमणी, इकडे ये," तेते म्हणाले.

ती गेली. तेतेंनी घोंगडीतून हात काढून तिचे थंडगार हात धरले.

"जी पोरगी पहिली काच फोडल्यावर आपणहून वर येऊन उभी राहिली, ती दुसऱ्यांदा खोटं कशाला बोलेल? एवढं साधं मला म्हाताऱ्याला सुचलं नाही! मी तुझ्या कबुलीची वाट बघत बसलो. कबुली माझी राहिली होती, पोरी. चूक माझी."

सुरमणीनं कालपासून दाबून ठेवलेलं रडू तेव्हा बाहेर पडलं. छोमोही रडली, तिला कारण लागत नाही.

"देवाचं काम केलंत तुम्ही तिघांनी," आमा डोळे पुसत म्हणाली. "आणि देवापेक्षा मवाळपणे केलंत. आमचा देव असता तर सुखनंदकडून दंड म्हणून बोकड मागितला असता!"

"अजून मागू दे," चाचा हसले, "आधी चाची आल्यावर फोटोच्या काचेचं उत्तर द्यायचंय मला!"

संध्याकाळच्या आत काच बसली. या वेळी चाचांनी कडेनं बारीक खिळे मारले, पलदेननं जवसाची लांबी मळली, आणि अंगठ्यानं कड दाबत नेली ती सुरमणीनं. काही दिवसांत ती दगडासारखी घट्ट झाली. निळे पक्षी येऊन टोचून बघायचे आणि नाराज होऊन जायचे. मग छोमो त्यांच्यासाठी कठड्यावर सुके जर्दाळू ठेवायला लागली.

एका सकाळी डोंगराच्या शेंड्यावर नुकतंच ऊन उतरत होतं. तेते खिडकीपाशी चहाचा पेला घेऊन बसले होते, शेजारी सुरमणी लोकर विंचरत होती. इतक्यात स्वयंपाकघरात धाडकन काहीतरी फुटलं.

"सुरमणीऽऽ! काय फोडलंस?" आमा अंगणातून ओरडली.

"मी नाही, आमा!"

"मग कोण? आणखी कोण आहे घरात?"

तेतेंनी डोंगरावरची नजर काढली नाही. चहाचा घोट घेतला आणि शांतपणे मोठ्यानं म्हणाले, "ती नाही म्हणतेय ना? मग ती नाही."

मग स्वयंपाकघरातून चाचांचा बारीक आवाज आला, "वहिनी... मी होतो."