पूर्वेचं दार

मंडल म्हणजे रंगीत वाळूची रांगोळी, असं पाहुण्यांना वाटतं. आमच्यासाठी ते घर आहे, वरून पाहिलेलं. चार दारं, मधोमध देवता, बाहेर आगीचं कडं. लडाखच्या या गोम्पात, आमच्या मठात, त्याची आखणी मी करतो. माझा स्वभाव फूटपट्टीचा, भलतंसलतं डोक्यात सहसा शिरत नाही.

वाळू आतून बाहेर भरत जायची आणि कडं जुळलं की आत हात घालायचा नाही, हा नियम. यंदा कडं जुळल्यावर माझा धाकटा भाऊ उर्ग्यान याला पूर्वेच्या दारात बोटभर जागा कोरी दिसली. कुणाला न विचारता त्याने वाकून ती भरून टाकली.

मग तो चहासाठी अंगणाच्या दाराने सभागृहाबाहेर पडला आणि त्याच पावली समोरच्या, कोठीकडच्या दाराने आत आला.

"काय रे, चहा नको झाला?" मी विचारलं.

"अचो, दादा, मी तर अंगणातच निघालो होतो."

"चहातलं लोणी जास्त झालंय तुला," शेजारी वाळू भरणारा नवांग म्हणाला. सगळे हसले. उर्ग्यान पुन्हा गेला, पुन्हा कोठीकडून आला. तिसऱ्या खेपेला कुणी हसलं नाही.

मी त्याचा हात घट्ट धरला आणि उंबरा ओलांडला. अंगणात ऊन होतं, जर्दाळू वाळत पडले होते. माझ्या मुठीत काही नव्हतं.

"अचो," आतून हाक आली, "हात का सोडलास?"

मी सोडला नव्हता.

मोठ्या लामांना बोलावलं. त्यांनी मंडलातल्या बुजलेल्या पूर्वेच्या दारावर बोट ठेवलं. "उद्या विसर्जन आहे. मोडलं की सुटेल तो."

"आणि नाही सुटला तर?" मी विचारलं.

"जिगमेत, गावोगावचे लोक निघालेत. आता थांबवता येत नाही."

मला फार भीती वाटली. पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

सकाळी लामांनी पूजेचं पितळी वज्र टेकवून रेघा कापल्या आणि कुंचा माझ्या हाती दिला. उर्ग्यान शेजारीच बसला होता. मी दक्षिण, पश्चिम, उत्तर अशी वाळू मध्याकडे ओढत आलो.

"पूर्व राहू दे ना थोडी," तो हळूच म्हणाला.

मी थांबलो. लामांनी नकारार्थी मान हलवली.

मी ओढली.

शेजारचं आसन रिकामं होतं.

मंत्र चालूच राहिले. वाळू भांड्यात भरली गेली, लोक आत आले. प्रसादाची चिमूट घरी न्यायची, उंबऱ्यावर, शेतात टाकायची, अशी आमची रीत. मी भांडं छातीशी धरलं. नवांगने ते माझ्याकडून काढून घेऊन पुढ्यात ठेवलं.

रांगेत पहिली आमची अमाच, आमची आईच होती. "उर्ग्यान कुठंय?" तिने विचारलं.

मी तिच्या तळव्यावर चिमूट ठेवली.

"गरम आहे रे," ती म्हणाली. वाळू ओढणीच्या टोकाला बांधून ती पुढे सरकली.

तिच्यामागे रांग पार फाटकापर्यंत गेली होती.