जीवनच्या नावावरचं काम

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण हे घडलंय. साल २००९. नाशिकचा गोदाघाट, तोही भर सकाळी.

जीवनचा दहावा होता.

इंदिरानगरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत जीवन आणि महेश शेजारी बसायचे. कंपनीचा कारभार परदेशातल्या भाड्याच्या मशीनवर चालायचा. क्लाउड म्हणायचे त्याला. तिथं प्रत्येक कामापुढे एक मालक लिहिलेला. काम बंद पडलं की मेसेज त्याच्याच मोबाइलवर. त्यानं 'आलो' एवढं कळवलं, की बाकीचे निवांत.

कळवणच्या रस्त्यावर अपघातात जीवन गेला. मोबाइलचाही चुरा झाला. दहाव्याआधी त्याचं नाव कामापुढून पुसायचं म्हणजे पाप, म्हणून महेशनं ते तसंच ठेवलं.

घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले... पण एकही शिवेना.

जीवनच्या आईनं, आक्काबाईंनी, नातवाला सांभाळीन असा शब्द दिला. सुनेला अंतर देणार नाही म्हणाल्या. छे! ऊन चढलं. ती माउली रडून रडून थकली. महेशला बघवेना. पुढे होऊन त्यानं हात जोडले.

"जीवन, तुझं सगळं काम आता माझं. तू जा बाबा."

फडफड झाली...

कावळा शिवला.

दुपारी महेश ऑफिसात नाव बदलायला बसला.

ते आधीच बदललेलं होतं.

मालक... महेश.

दिवेलागणीला घरी मेसेज आला. काम बंद पडलंय. कुठलं काम? कामाच्या नावाच्या जागी नुसतं रिकामं. कुणीतरी चेष्टा करतंय म्हणून त्यानं सोडून दिलं. पुन्हा आला. त्यानं मोबाइलच बंद करून टाकला.

घर एकदम गप्प झालं...

आता नियम असा, की मालकानं उत्तर दिलं नाही तर मेसेज दुसऱ्या नावाला जातो. महेशनं दुसरं नाव कधी भरलंच नव्हतं.

स्वयंपाकघरात त्याच्या बायकोचा मोबाइल वाजला.

"अहो, हे काय आलंय?" शुभांगीनं विचारलं. "उत्तर देऊ का?"

महेशनं धावत जाऊन तो हिसकावला. त्यानंच लिहिलं, 'आलो'.

पुढे त्यानं नोकरी सोडली, दोघांचे नंबर बदलले. मेसेज काही थांबले नाहीत. न कळवावं तर बायकोवर येतंय, मग करतो काय बिचारा? रोज 'आलो' लिहितो, आणि जात कुठंच नाही.

परवा पहिल्यांदाच उलट विचारणा आली...

'कधी?'

तेव्हापासून दोन्ही मोबाइल मांडीवर घेऊन तो बसून आहे. काय लिहावं, त्याला सुचत नाही.