दोन रिगोपूला

मेसोवूनी या ग्रीक बेटावरच्या दवाखान्यात जानेवारीत संगणक आला आणि त्या दिवसापासून डॉक्टर मिर्तो रोज त्याच्याशी भांडू लागली. बारा वर्षं तिने या बेटावरची सहाशे माणसं पुठ्ठ्याच्या कार्डांवर सांभाळली होती. कोणाला कुठलं औषध चालत नाही, कोणाचा लेक ऑस्ट्रेलियात, कोण जेवताना रडतं, सगळं कार्डाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं. नव्या पडद्याला कडाच नव्हत्या.

"मी रुग्णाकडे बघू की याच्याकडे?"

"याच्याकडेच बघा, बाई," नर्स सेवास्ती म्हणाली. "रुग्ण रुसला तर निदान घरी तरी जातो."

त्याच आठवड्यात म्हातारी रिगोपूला वारली. रक्त तपासायला यायची तेव्हा ती उजवी बाही मनगटापर्यंत खाली ओढायची आणि डावा हात पुढे करायची. "उजवी शीर लाजाळू आहे गं पोरी. डावीला विचार."

तिची नऊ वर्षांची नात, तीही रिगोपूला. आजीचं नाव नातीला जातं, आजीच्या कानातल्या डुलांसारखं. आडनाव एक, दोघींच्या बापांचं नावही मानोलिसच. कार्डांवर कधी घोटाळा झाला नव्हता. आजीच्या कार्डावर मिर्तोने काठी काढली होती, नातीच्या कार्डावर चिमणी.

संगणकाने दोघींना एका पानावर आणलं. मिर्तोने त्यांना वेगळं केलं. सकाळी त्या पुन्हा एकत्र.

"आजीची ॲलर्जी पोरीला चिकटली, पोरीच्या लसी आजीला!" ती चिडून म्हणाली. "उद्या मी कोणाला काय टोचू?"

फेब्रुवारीत मुलीला तिची आई खोकल्यासाठी घेऊन आली. वजन सत्तावीसचं सव्वीस झालं होतं. मिर्तोने नोंद केली. दुपारी पान उघडलं, तर आजीच्या रकान्यात त्याच दिवसाची तारीख, वजन एकोणचाळीस. म्हातारी गेली तेव्हा अडतीस होती.

"हे कोणी टाकलं?"

सेवास्तीने चष्मा पुसला. "तुम्हीच. नाव तुमचं आहे. दहा वाजून वीस मिनिटं."

दहा वीसला मिर्तो मुलीला काट्यावर उभी करत होती. तिचे दोन्ही हात मुलीच्या खांद्यांवर होते.

पुढच्या आठवड्यात मुलगी पंचवीस, आजी चाळीस. मग चोवीस, एक्केचाळीस. मुलीचं रक्त ऱ्होड्सच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं, सगळं ठीक आलं.

"जेवते ना नीट?"

"जेवते हो," आई म्हणाली. "आजीच्या वाटचंही जेवते."

मिर्तोने अथेन्सला, संगणकवाल्यांना फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"मॅडम, एक नोंद बंद करा."

"तेच करतेय! बाई मेलीय, मी स्वतः डोळे मिटलेत तिचे. मृत्यूची तारीख टाकली की तुमचं यंत्र नाही म्हणतं."

"नाही का म्हणतं, ते लिहिलं असेल ना?"

मिर्तोने पडद्यावरची लाल ओळ वाचून दाखवली. "या तारखेनंतर रुग्णाची तपासणी झालेली आहे."

"मग बरोबर आहे, मॅडम," आवाज म्हणाला. "त्या जिवंत आहेत."

तिने फोन आपटला.

मार्चच्या सुरुवातीला बापाने मुलीला उचलून आणलं. एकवीस किलो. मिठागरात वाळलेल्या काडीसारखी हलकी, डोळे तेवढे मोठे. नाडी बोटाखाली सापडेना.

"हेलिकॉप्टर मागव, बाई," सेवास्ती म्हणाली. या खेपेला ती 'तुम्ही' म्हणायला विसरली.

हेलिकॉप्टरसाठी हाताने लिहिलेली चिठ्ठी आता कोणी घेत नव्हतं. मिर्तोने पडद्यावर चिठ्ठी मागितली.

लाल ओळ आली: एका नावाच्या दोन नोंदी. चिठ्ठी देता येत नाही.

पुन्हा मागितली. पुन्हा तेच.

खाली दोनच चौकटी होत्या. एकीवर 'रद्द'. दुसरीवर 'एकत्र करा'.

"मिर्तो," बाप म्हणाला.

तिने दुसरी दाबली.

चिठ्ठी लगेच छापून आली. इतक्या लवकर कधीच आली नव्हती.

इस्पितळाने मुलीला दहा दिवस ठेवून घेतलं, काहीच निघालं नाही. ती परत आली तीच आपल्या पायांनी, चढण चढून. गाल भरलेले. आईने साखर लावलेल्या गव्हाची ताटली टेबलावर ठेवली. "आजीचा चाळिसावा उशिराने केला, बाई. पोरीसाठी थांबलो होतो."

पडद्यावर आता एकच पान होतं. वजन पासष्ट.

"मूर्ख यंत्र," मिर्तो म्हणाली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली. "ये गं माझ्या चिमणे. एकदाच रक्त घेऊ आणि सुटलो."

मुलगी खुर्चीत बसली. जुनी वेताची खुर्ची करकरली, मोठ्या माणसाखाली करकरते तशी.

मुलीने उजवी बाही मनगटापर्यंत खाली ओढली. डावा हात पुढे केला.

"डावीला विचार, पोरी," ती म्हणाली.