आडवा पडलेला दगड

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी उत्खननाच्या खड्ड्यात पालथी पडून माती खरवडत होते आणि मला त्याचे फक्त बूट दिसत होते.

"तो पडलेला दगड मी उभा करून ठेवलाय हं," बूट म्हणाले. "म्हटलं, तुमचं तेवढंच काम हलकं."

मी ताडकन उठले. चोवीस दगडांच्या त्या प्राचीन वर्तुळात एकच दगड आडवा होता, आणि नेमकं त्याचंच चित्र काढायचं राहिलं होतं. आता तो पहारीच्या टेकूवर ऐटीत उभा होता.

"अहो, तीन हजार वर्षं तो तसाच पडला होता!"

"मग... अंग आखडलं असेल बिचाऱ्याचं."

हसू आलं, म्हणून मी जास्तच चिडले. हा नव्या रस्त्याचा मोजणीदार. रस्ता आमच्या वर्तुळातूनच जायचा होता. शनिवारच्या आत इथे पुरलेलं माणूस सापडलं तर रस्ता वळणार, नाही तर सगळे दगड उचलून बाजूला. आणि हे महाराज शनिवारी दुसऱ्या गावी कामावर निघणार.

"तो नेमका कुठे होता, आता कोण सांगणार?" माझा आवाज रडवेला झाला.

त्याने गुपचूप वही काढली. उचलण्याआधी दगडाची चारही टोकं मोजलेली!

"सवय आहे," तो ओशाळला. "मोजल्याशिवाय मी काही हलवत नाही."

दगड परत निजवताना खालची माती दिसली... काळसर, भुसभुशीत. फार पूर्वी कुणीतरी इथे खणलं होतं. मी चित्र काढलं, मग त्याने दगड पुन्हा उचलला – या वेळी माझ्या परवानगीने.

मग तो रोज काम आटोपून माती चाळायला येऊ लागला.

"मी तुमचाच रस्ता अडवतेय, कळतंय ना?"

"रस्ता काय, कुठूनही जाईल. तुम्ही रोज कुठे भेटणार?"

मी गालावरची माती पुसली, हाताची आणखी लागली. तो बघतच राहिला. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी दुपारी ब्रशखाली आधी एक वाडगा आला, मग दुमडलेले गुडघे, गळ्यापाशी लाल मणी. दात झिजलेले. आमच्या उत्खननाच्या प्रमुख, मोठ्या बाई, वाकून म्हणाल्या, "आजीबाई आहेत गं!" आणि फोन करायला धावल्या. रस्ता वळणार होता. मी आनंदाने उडीच मारली, आणि खाली येईपर्यंत आठवलं, उद्या हा जाणार.

बाईंचा फोन झाला आणि थोड्या वेळाने त्याचा वाजला. ऐकता ऐकता त्याने फोनवर हात ठेवला.

"नवी आखणी तीन महिने चालेल. साहेब विचारतायत, मी थांबू की दुसरा माणूस पाठवू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं... पण तुम्ही फार रागात होतात."

"थांब ना," मी म्हटलं.

"आजीबाईंसाठी?"

"माझ्यासाठी."

त्याने फोन कानाला लावला. डोळे माझ्यावरच.

"साहेब, मीच थांबतो... अडचण? छे हो, अगदी उलट!"