दुसऱ्या कुणाचा तरी दिवस

सवारी दोघांची होती आणि फाटकातून बाहेर आला एकच माणूस.

गाडीवालीनं मागचं दार उघडून धरलं. तो आत बसला, तरी ती दार धरूनच उभी. "मॅडम यायच्या आहेत ना?"

"नाही येणार." तो दुसरीकडे बघत म्हणाला. "निघू या."

सवारीच्या घरगुती गोष्टींत नाक खुपसायचं नाही, ही तिच्या वडिलांची शिकवण. गाडी मूळची त्यांचीच. कंबरेनं दगा दिला तेव्हा किल्ली लेकीकडे आली, आणि किल्लीबरोबर असले सगळे नियमही. ती गप्प राहिली. पण गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं, त्यामुळे शहर मागे पडेपर्यंत तिचा जीव नुसता कासावीस झाला होता.

शेवटी तोच बोलला. "तुम्ही सगळ्यांशीच इतकं कमी बोलता?"

"सवारी बोलली तर बोलते."

"मी दातांचा डॉक्टर आहे. माझ्यासमोरच्या माणसाचं तोंड सताड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. मला उत्तरं ऐकायची सवयच नाही."

"आणि माझ्या मागचा माणूस एकदा सुरू झाला की थांबत नाही. चला, आज दोघांनाही सुट्टी!"

तो हसला. थकलेलं हसू होतं, पण मनापासूनचं. मग त्यानं आपणहूनच सांगितलं. देवळांच्या त्या जुन्या शहराची ही सहल त्याच्या होणाऱ्या बायकोनं आखली होती. कुठलं देऊळ आधी, जेवायचं कुठे, उन्हं उतरताना बसायचं कुठल्या पायरीवर, सगळं. गेल्या महिन्यात लग्न मोडलं. कुणाची चूक, हे त्यालाही धड सांगता येत नव्हतं. सहल रद्द करायचं मात्र दोघंही विसरले.

"काल तुमचा फोन आला, 'सकाळी गाडी येईल' म्हणून... आणि माझ्या तोंडून 'हो' निघून गेलं."

 तिनं आरसा जरासा खाली केला. आता त्यात मागचा रस्ता कमी आणि डॉक्टर जास्त दिसत होता. खिडकीला डोकं टेकून बसला होता, एखादं लहान पोर रुसून बसावं तसा. तिला त्याच्याबद्दल फार माया वाटली.

या उद्योगाचा निकाल देवळाच्या वाहनतळावर लागला. गाडी मागे घेताना धप्प आवाज झाला. इतकी वर्षं गाडी चालवणारी बाई, आणि तिनं दगडी खांबाला धडक दिली होती!

दोघंही खाली उतरले. "खांब ठणठणीत आहे," डॉक्टरनं निदान केलं. "तुम्हाला तो आरशात दिसला नाही?"

"आरसा... हलला होता."

"आपोआप?"

तिचे कान तापले. ती फडकं काढून उगाचच काच पुसायला लागली.

"चला ना आत," तो म्हणाला.

"ड्रायव्हर आत जात नाहीत. गाडीपाशी थांबतात."

"हे देवानं सांगितलंय?"

"वडिलांनी."

"मग देवाला विचारून बघू. तो मोठा आहे ना त्यांच्यापेक्षा?"

ती फडकं खिशात कोंबून त्याच्यामागून निघाली. इतक्या वेळा ती इथे आली होती, पण देऊळ म्हणजे तिच्यासाठी वाहनतळाच्या पत्र्याच्या छपरावरून दिसणारं शिखराचं टोक. आतलं सगळं तिनं मागच्या सीटवरच्या गप्पांतून गोळा केलं होतं आणि नव्या सवाऱ्यांना ती ते ठासून सांगायची. त्यालाही सांगितलंच होतं, की आतलं कुंड एवढं मोठं आहे, पलीकडचा माणूस ओळखू येत नाही.

कुंड जेमतेम एका अंगणाएवढं निघालं. डॉक्टर वळसा घालून पलीकडे गेला आणि हात हलवत ओरडला, "ओळखलंत का?"

ती पोट धरून हसली. शेजारून जाणाऱ्या आजीबाईंनी डोळे वटारले, तेव्हा तिला आणखीच हसू आलं.

दुपार कशी सरली ते कळलंच नाही. खांबांवरच्या नर्तकींचे दात तो तपासत होता आणि ती त्याला वेड्यात काढत होती. थोडा पाऊस येऊन गेला. ओल्या फरशीवरून चालताना त्यानं हात पुढे केला... तिनं धरला, आणि फरशी संपल्यावरही कुणी सोडला नाही.

उन्हं उतरली तेव्हा तो पश्चिमेच्या पायरीवर बसला आणि सरकून त्यानं जागा केली. "बसा ना. इथून शिखरावरचं ऊन छान दिसतं म्हणे."

ती बसली. ऊन खरंच सुंदर होतं. आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं, 'म्हणे' म्हणजे कोण म्हणे ते. ही पायरी, ही वेळ, त्यानं केलेली ही जागासुद्धा... सगळं दुसऱ्या कुणासाठी राखलेलं होतं. 

"किती दिवसांनी बरं वाटतंय," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी पुन्हा कुठेतरी जाऊ या? ...याल?"

हो म्हणायला तिचं मन धावलं होतं. म्हणूनच तिनं हात सोडवून घेतला.

"डॉक्टर, तुम्ही मला आवडलात. सकाळपासून आवडताय. पण हा दिवस तिचा आहे. मी नुसती रिकाम्या जागी बसलेय. आज माझ्याऐवजी दुसरी कुणी असती, तरी तुम्हाला बरंच वाटलं असतं."

"तसं नाहीये."

"आज तुम्हाला ते कळणार नाही. मलाही नाही." ती उठली. "चला. अंधाराच्या आत पोचायचंय."

परतीच्या वाटेवर आरशात फक्त रस्ता होता. फाटकापाशी उतरताना तो काहीतरी बोलायला थांबला. तिनं गाडी काढली, आणि पुढच्या वळणावर कडेला लावून पोटभर रडली.

त्याचा फोन आला नाही. महिना गेला, आणखी एक गेला. "त्या फोनकडे काय टक लावून बसतेस? इकडे दूध उतू गेलं!" आई करवादायची. आपण नको तेवढं शहाणपण केलं, असं तिला रोज वाटे.

मग एका सकाळी दाराशी हॉर्न वाजला. एक छोटी गाडी, दोन चाकं पदपथावर, तिरकी. आत घामाघूम झालेला डॉक्टर.

"तुम्ही? गाडी चालवत?"

"शिकलो. लायसन्स परवाच मिळालं. पत्ता तुमच्या पावतीवर होता." तो खाली उतरला. "रोज वाटायचं, फोन करावा. पण आधी खात्री करायची होती, की मला नुसती सोबत हवीय की तुम्हीच हव्यात."

"मग?"

"तुम्हीच."

ती खाली बघत म्हणाली, "आज काय काय आखलंय?"

"काहीच नाही. तुम्ही रोज लोकांना त्यांच्या ठिकाणी पोचवता. तुम्हाला कुठे जायचंय?"

रोज सकाळी ती हेच कुणाला ना कुणाला विचारायची. तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.  तिचे डोळे भरून आले.

"आठवावं लागेल..."

"सावकाश आठवा. गाडी तशीही बंद पडलीय."

तो पुन्हा आत बसला, आणि ती हसत, डोळे पुसत त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"अगं, निघालीस कुठे?" आईनं खिडकीतून हाक मारली.

"माहीत नाही, आई!" ती ओरडली. हे सांगताना आपल्याला एवढा आनंद होईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.