हाडाला चालणं कळतं

सोबती असा का वागतो, हे शाल्मलीला कळेना.

सोबती म्हणजे रुग्णालयाने तिच्या कमलिनीआजीबरोबर दापोलीला घरी पाठवलेला यंत्रमानव. आजीचा झिजलेला खुबा (मांडी कंबरेला जोडणारा सांधा) काढून तिथे नवा कृत्रिम सांधा बसवला होता. तिला उठावं लागू नये म्हणून शाल्मलीने पाण्याचा तांब्या तिच्या पलंगाशी ठेवला. सोबतीने तो उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, टेबलावर नेऊन ठेवला. तिने परत आणला. त्याने परत नेला.

"तू मदतीला आलायस की छळायला?" तिने विचारलं.

"मदतीला. तहान लागली की आजी तिथवर चालत जातील. मी शेजारी असेन."

आजी छताकडे बघत पडून होती. आयुष्यभर आंब्याच्या कलमांवर संशोधन केलेली ही बाई, पण आता जमिनीला पाय टेकवायला भीत होती. "धातूचा तुकडा तो," ती पुटपुटली. "निसटला तर?"

सोबतीने भिंतीवर चित्र उमटवलं. नव्या सांध्याचा दांडा मांडीच्या हाडात बसवलेला दिसत होता. त्याचा पृष्ठभाग सच्छिद्र (बारीक भोकाभोकांचा) होता, पावाच्या तुकड्यासारखा.

"ही भोकं मुद्दाम ठेवली आहेत," सोबती म्हणाला. "हाड जिवंत असतं. चालताना त्यावर भार पडला की अस्थिपेशींना (हाड घडवणाऱ्या सूक्ष्म पेशींना) कळतं, इथे मजबुती हवी. मग नवं हाड या भोकांत शिरतं आणि दांडा पक्का धरून ठेवतं. नुसतं पडून राहिलं, तर हाड विरळ होत जातं."

शाल्मलीने टेबलावरच्या तांब्याकडे पाहिलं. सकाळपासून तिने आजीला एकदाही उठू दिलं नव्हतं. "मग खूप चाललं, तर लवकर जुळेल?"

उत्तर आजीने दिलं. "नाही गं. कलम बांधल्यावर फांदी सारखी हलवली, तर जोड धरतो का? रस वाहिला पाहिजे, पण जोड हलता कामा नये. इथेही बेतानंच घ्यायला हवं."

"बरोबर," सोबती म्हणाला. "शिवाय सध्या खाली वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. नाहीतर सांध्याचा मांडीकडचा गोळा कंबरेकडच्या वाटीतून निसटू शकतो."

आजीने वॉकर धरला आणि ती उठली. शाल्मलीला धावत जाऊन धरावंसं वाटलं, पण तिने स्वतःला आवरलं. सोबती एक पाऊल मागे होता. आजी टेबलापाशी पोचली, उभ्या उभ्या पाणी प्यायली आणि म्हणाली, "आता स्वयंपाकघर."

काही आठवड्यांनी सोबतीला दुसऱ्या रुग्णाच्या घरी निघायचं होतं. त्याला निरोप द्यायला आजी काठी टेकत फाटकापर्यंत आली.

"पुढेमागे माणसाच्या स्वतःच्या पेशींपासून अख्खा सांधा वाढवता येईल?" शाल्मलीने विचारलं.

"प्रयोग चालू आहेत. तुझ्यासारखं कुणीतरी ते पूर्ण करेल."

"करीन की," ती म्हणाली. "आणि हे बघ, तिथे मुलं असतील तर त्यांना सगळं आधीच समजावून सांग. नाहीतर तीही तुझ्यावर चिडतील."