दोन वाफे

आठवीच्या मुलांनी वांग्याच्या पानांना चिमटे लावले. वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात तसे दिसणारे ते चिमटे म्हणजे ‘पर्णवाच’. पानांच्या शिरांमधले अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह ते वाचत आणि रोपाला काय हवं ते चक्क मराठीत सांगत.

“चौथ्या रोपाचा शेंडा छाटा,” आवाज आला. मुलांनी छाटला, टाकून दिला.

मुख्याध्यापिका वासंती ढमढेरे समाधानानं बघत होत्या. यंत्रच सगळं सांगतंय, तेव्हा शेतीचे आठवड्याचे चार तास एकावर आणायचे, उरलेले गणिताला द्यायचे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

शेतीचे शिक्षक सोपान गायकर यांनी वाद घातला नाही. “मॅडम, एवढा हंगाम थांबा. निम्मी मुलं आणि शेजारचा वाफा मला द्या. तिथं पर्णवाच नको.”

“मुलांचं पीक गेलं तर?”

“थोडं जाईलच,” सर शांतपणे म्हणाले.

गेलंही. शेजारच्या वाफ्यातले शेंडे माना टाकू लागले. मुलांना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी भरपूर पाणी सोडलं आणि एक अख्खी ओळ मुळाशी सडली. सर बांधावर बसून नुसते बघत राहिले. वासंतीबाईंना त्यांचा रागच आला.

फेब्रुवारीत तोडणी झाली. पर्णवाचच्या वाफ्यात सात टोपल्या, शेजारी तीन. बाईंना हायसं वाटलं. तरी जाता जाता त्यांनी पहिल्या गटाला विचारलं, “शेंडे कशासाठी छाटत होतात रे?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. “यंत्र सांगायचं म्हणून.”

दुसऱ्या गटाला विचारायची खोटी, सगळे एकदम बोलायला लागले. शेंडा उभा चिरल्यावर आत अळी कशी सापडली, ती फळात कशी शिरते, सडलेल्या मुळांना वास कसा येतो. पाणी कुणी सोडलं यावरून तर भांडणच जुंपलं. सुट्टी संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही.

ऑफिसात बाईंनी वेळापत्रक पुढ्यात ओढलं, पण पेन उचलवेना.

“सर, तुमचा वाफा हरला.”

“हरला, मॅडम. यंत्र चुकत नाही. अवघड आहे ते तेच.”

“मग मी काय करू?”

तेवढ्यात दारात पहिल्या गटातली स्वरांगी येऊन उभी राहिली.

“मॅडम,” ती चाचरत म्हणाली, “पुढच्या वर्षी आम्हालाही चुकायला मिळेल का?”